अमेरिकेत शिकारीसाठी पहिली ठासणीची बंदूक: कोणती घ्यावी आणि तिच्यात काय ठासावं

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीचे काही दिवस खास ठासणीच्या बंदुकीसाठी (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, इंग्रजीत मझललोडर) राखलेले असतात. नेहमीच्या रायफलच्या हंगामापेक्षा या दिवसांत रानात गर्दी कमी असते आणि काही ठिकाणी परवानाही लवकर मिळतो. न्यू जर्सीसारख्या राज्यात तर हरणासाठी नेहमीची काडतुसांची रायफल चालतच नाही. तिथे रायफल हवी असेल, तर ती ठासणीचीच घ्यावी लागते. तिकडे राहणारे अनेक मराठी लोक नव्याने या वाटेला वळतात. दुकानात गेल्यावर २०० डॉलरपासून १,००० डॉलरपर्यंतच्या बंदुका आणि शेजारी पन्नास प्रकारच्या गोळ्या पाहून त्यांचा गोंधळ उडतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही काही घरांत ठासणीच्या बंदुका आहेत. तिथला कायदा वेगळा, कामही वेगळं. इथलं काहीही तिकडे लागू करू नये. बार (एका वेळी भरलेली दारू-गोळी), गज (ती ठासायची सळई), चाप (बोटाने ओढायचा खटका), घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा भाग), माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हे शब्द मात्र तिकडचेच आहेत आणि या बंदुकीला ते नेमके बसतात.

बंदुकीच्या आधी नियमावली

बहुतेक नवखे आधी बंदूक घेतात आणि मग राज्याची नियमावली उघडतात. पैसे वाया जातात ते इथे. आधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची शिकार नियमावली घ्या. त्यात ठासणीच्या हंगामाचं पान काढून पाच गोष्टींवर खूण करा: किमान कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास, इंचांत), बार पेटवण्याची चालणारी पद्धत, दुर्बीण चालते का, सॅबो (गोळीभोवतीची प्लॅस्टिकची वाटी) चालतो का आणि दारूच्या वड्या (सुट्या दारूऐवजी ठरावीक मापाच्या) चालतात का.

राज्याराज्यांत फरक किती असतो ते पाहा. कोलोराडोच्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण, सॅबो आणि दारूच्या वड्या तिन्ही बाद आहेत. हरणासाठी किमान .४० आणि एल्कसाठी (मोठ्या जातीचं हरीण) किमान .५० कॅलिबर लागतं. आयडाहोत फक्त ठासणीसाठी राखलेल्या शिकारीत २०९ प्रायमर (दारू पेटवणारी, शॉटगनच्या काडतुसातली टोपी) चालत नाही आणि बार पेटायची जागा उघडी असावी लागते. पेन्सिल्वेनियात नाताळनंतरचा हंगाम केवळ चकमकीच्या बंदुकीचा असतो. ओहायोतल्या मित्राने सुचवलेली बंदूक घेऊन तुम्ही कोलोराडोत गेलात, तर बंदूक कदाचित चालेल, पण तिच्यावरची दुर्बीण आणि खिशातली सगळी सामग्री बाद ठरेल.

खरेदीचा कायदाही आधीच समजून घ्यावा. केंद्राच्या १९६८ च्या बंदूक कायद्यात, काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक 'प्राचीन' गटात मोडते. म्हणून बऱ्याच राज्यांत ती दुकानातून थेट मिळते किंवा घरपोच येते. पण राज्यं स्वतःचे नियम लावतात. न्यू जर्सी आणि इलिनॉय या दोन्ही राज्यांत शस्त्रधारकाचं ओळखपत्र लागतं. शिवाय नळी बदलून काडतुसाची रायफल बनवता येते अशा सांगाड्याची बंदूक केंद्राच्या कायद्यातही 'प्राचीन' धरत नाहीत.

एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी इथे जास्त जपावं. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्राच्या कायद्यात मनाई आहे, आणि शिकारीचा वैध परवाना हा त्या मनाईला एक अपवाद आहे. प्राचीन गटाची व्याख्या तुमच्या बाजूने असली, तरी आधी शिकारीचा परवाना काढावा आणि मगच बंदूक विकत घ्यावी. शंका असेल तर वकिलाला विचारावं. ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना यात चूक होणं परवडणारं नाही.

परवान्यासाठी बहुतेक राज्यांत शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मैदानावरच्या सत्राच्या तारखा हंगामाच्या तोंडावर भरतात, म्हणून उन्हाळ्यातच नाव घाला.

चकमक, टोपी आणि इनलाइन

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. ती पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी बंदुकीच्या कानाजवळच्या (नळीच्या बाजूच्या बारीक भोकाजवळच्या) पात्रातल्या बारीक दारूवर पडते आणि तिथून आग नळीत जाते. दमट हवेत ती रुसते आणि शिकायला वेळ लागतो. पेन्सिल्वेनियाचा तो हंगाम हवा असेल तरच इथून सुरुवात करा.

टोपीच्या बंदुकीत निपलवर (नळीच्या मागच्या छोट्या पोकळ बोंडावर) तांब्याची छोटी टोपी बसवतात आणि घोडा तिच्यावर आपटतो. चकमकीपेक्षा हिचा भरवसा जास्त. बाजूला घोडा असलेली ही जुन्या घडणीची बंदूक कडक नियमांच्या राज्यांत उपयोगी पडते.

इनलाइनमध्ये बार पेटवणारा प्रायमर नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत असतो. १९८५ साली टोनी नाइटची एमके-८५ बाजारात आली आणि तेव्हापासून हा प्रकार रुळला. आजच्या स्वस्त इनलाइन बहुधा मधून दुमडून उघडतात, शॉटगनचा २०९ प्रायमर घेतात आणि साफसफाईसाठी मागचा ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) काढता येतो. राज्याची हरकत नसेल तर पहिली बंदूक इनलाइनच असावी. याचं मुख्य कारण ब्रीच प्लग आहे. तो काढला की नळी आरपार दिसते. नवख्याला नळीत बार भरलेला आहे की नाही, गंज आहे की नाही, हे एका नजरेत कळतं.

स्वस्तात काय पाहायचं

सीव्हीए वुल्फ आणि ट्रॅडिशन्स बकस्टॉकर या दोन इनलाइन बंदुका नवख्यांच्या खिशाला परवडतात. दुर्बीण न लावता त्या साधारण २०० ते ३५० डॉलरच्या पट्ट्यात मिळतात. दोन्ही .५० कॅलिबरमध्ये मिळतात, नळी २४ इंचांची आणि आतल्या पेचांचा, म्हणजे पिळदार खाचांचा, पीळ बहुधा १:२८ चा. पीळ १:२८ म्हणजे गोळी २८ इंचांच्या प्रवासात एक पूर्ण गिरकी घेते. सॅबोतल्या लांब गोळीला हाच पीळ मानवतो. थोडे जास्त पैसे असतील तर सीव्हीए ऑप्टिमा पाहावी. वाढीव पैशांत नळी लांब मिळते आणि हातात बंदूक जरा भरीव लागते. १०० यार्डांवरच्या हरणाला या फरकाने काही फरक पडत नाही.

कॅलिबर .५० च घ्या. .४५ आणि .५४ वाईट नाहीत, पण गावातल्या दुकानाच्या फळीवर गोळ्या, सॅबो, जॅग (गजाच्या टोकाला चिंधी धरायचा तुकडा) सगळं .५० चं मिळतं.

दुकानात बंदूक हातात आली की चार गोष्टी करून पाहा. ब्रीच प्लग हाताने किंवा सोबतच्या पान्याने सहज सुटतो का? बंदूक खांद्याला लावल्यावर गाल दस्त्यावर टेकून माशी आणि मागची खाच एका रेषेत येतात का? थंडीच्या जाड जॅकेटवरही येतात का? चाप अडखळत सुटतो की स्वच्छ? आणि नळी गंजरोधक पोलादाची आहे की निळ्या मुलाम्याची? काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते, म्हणून दमट राज्यांत गंजरोधक नळीसाठी ४०-५० डॉलर जास्त मोजणं मला योग्य वाटतं. स्वस्त बंदुकीवर वाढीव खर्च करावा असं मी फक्त याच एका जागी सांगेन.

बंदुकीबरोबर बांधून येणारी स्वस्त दुर्बीण बहुधा सगळ्यात कच्ची असते. पहिला हंगाम उघड्या माशीवर काढा किंवा चांगली साधी दुर्बीण वेगळी घ्या.

जुनी बंदूक घेताना नळीच्या आत उजेड टाकून बघा. स्वच्छ पांढरी चिंधी गजावर लावून तळापर्यंत नेऊन बाहेर काढा. ती तांबूस आली तर आत गंज आहे. चिंधी एखाद्या जागी अचानक सैल पडली, तर तिथे नळी फुगलेली असू शकते. अशी बंदूक फुकट मिळाली तरी नको. ब्रीच प्लग जाम असेल तरी नको. सीव्हीएच्या १९९५-९६ मधल्या काही इनलाइन बंदुका कंपनीने १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील, तर ती बंदूक घेऊ नका आणि उडवूही नका. आणि विकणारा कितीही म्हणाला की नळी रिकामी आहे, तरी गज टाकून स्वतः मोजा. जुन्या ठासणीच्या बंदुकांत वर्षानुवर्षं विसरलेला बार निघतो.

दारू

सगळ्यात आधी एक गोष्ट. काडतुसात भरतात ती आधुनिक धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही, चिमूटभरही नाही आणि मिसळूनही नाही. तिचा दाब या नळीला पेलत नाही. नळी फुटते आणि बोटं जातात. डब्यावर 'ब्लॅक पावडर' किंवा 'ब्लॅक पावडर सबस्टिट्यूट' असं स्पष्ट छापलेलं नसेल तर डबा फळीवरच ठेवा.

खऱ्या काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतं. .५० साठी एफएफजी दाणा आणि .४५ व त्याखाली एफएफएफजी, असा ढोबळ नियम आहे (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक). चकमकीच्या बंदुकीत कानाजवळच्या पात्रासाठी त्याहून बारीक एफएफएफएफजी वापरतात. ठिणगीवर पेटायला खऱ्या काळ्या दारूसारखी दुसरी नाही. पण ती सगळ्या दुकानांत मिळत नाही, कारण तिच्या साठवणीचे नियम कडक आहेत.

पर्यायी दारूंत पायरोडेक्स स्वस्त आहे आणि पेटते बरी, पण गंजवते. ट्रिपल सेव्हन गंधकाशिवाय बनते आणि पाण्याने धुतली जाते. ती काळ्या दारूपेक्षा जोरदार आहे, म्हणून काळ्या दारूचा आकडा ट्रिपल सेव्हनला लावायचा असेल तर मापात साधारण १५ टक्के कमी घ्यावी. ब्लॅकहॉर्न २०९ ची राख सगळ्यात कमी, पण ती महाग आहे. तिला पूर्ण ताकदीचा २०९ प्रायमर आणि जुळणारा ब्रीच प्लग लागतो. टोपीवर ती भरवशाने पेटत नाही.

आता मापाचा घोळ. दारू ज्या एककात मोजतात तो 'ग्रेन' इथे आकारमानाचा असतो, वजनाचा नाही. पितळी माप १०० वर लावून भरलं की १०० ग्रेनचा बार झाला. तराजूवर १०० ग्रेन तोलायला जाऊ नका. ब्लॅकहॉर्नचं १०० ग्रेनचं माप तराजूवर साधारण ७० ग्रेन भरतं. तिथे तोलून १०० घातलं तर जवळजवळ दीडपट बार होईल.

वड्या की सुटी? ५० ग्रेनच्या दोन वड्या टाकल्या की १०० चा बार झाला, मोजायला नको, रानात हात थरथरत असताना सोयीचं. पण वडी महाग पडते, डब्यात आपटून तिचे कोपरे तुटतात आणि बार एकेका वडीच्या टप्प्यानेच बदलतो. सुट्या दारूत ७०, ८०, ९० असं करत आपल्या बंदुकीला आवडणारा आकडा शोधता येतो. सराव भरपूर करणार असाल तर सुटीच घ्या.

तीन वड्यांचा १५० चा बार बंदुकीच्या पुस्तिकेत चालतो असं लिहिलेलं असलं, तरी तो सोडा. २४ इंचांच्या नळीत त्यातली बरीच दारू पूर्ण जळायच्या आत बाहेर फेकली जाते. खांदा दुखतो, गोळ्या विखुरतात आणि प्रत्येक बाराला दीडपट खर्च येतो. पूर्ण वाढीच्या हरणासाठी ८० ते १०० पुरे असतात. कमाल आकडा मात्र नेहमी तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेचाच. दुसऱ्या बंदुकीचा आकडा इथे लावू नये.

ऑनलाइन दारू आणि प्रायमर मागवले की धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, म्हणून एक-दोन डबे गावातच घ्यावेत. आणि विमानाने शिकारीला जाणार असाल तर काळी दारू, तिचे पर्याय आणि टोप्या हातातल्या किंवा सामानातल्या, कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. बंदूक कुलूपबंद कडक पेटीत विमान कंपनीला सांगून न्या, बाकीचं पोचल्यावर विकत घ्या.

गोळी

नळीच्या पिळाला मानवणारी गोळी निवडायची. ही निवड चुकली की ६०० डॉलरची बंदूकही निशाण्यावर गोळ्या विखरून टाकते.

चिंधीत बसवलेली गोल शिशाची गोळी संथ पिळाची, म्हणजे १:६० ते १:७० ची. .५० च्या नळीत .४९० इंचांची गोळी जाते, वजन सुमारे १७७ ग्रेन, आणि तिच्याभोवती .०१० ते .०१५ इंच जाडीची वंगण लावलेली सुती चिंधी. चिंधीमुळे गोळी पेचात घट्ट बसते. गोल गोळी हवेत वेग लवकर गमावते, म्हणून हरणासाठी ७५ यार्डांच्या आतच वापरावी. १:४८ हा मधला पीळ गोल गोळी आणि छोटी लांब गोळी दोन्ही सांभाळून घेतो.

लांबट शिशाच्या गोळ्या आणि पॉवरबेल्टसारख्या प्लॅस्टिकच्या बुडाच्या गोळ्या वेगवान पिळाला चालतात. भरायला सोप्या असतात. सॅबो बाद असलेल्या राज्यांत हाच रस्ता.

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकची चार पाकळ्यांची वाटी. तिच्यात नळीपेक्षा बारीक गोळी बसते, .५० साठी बहुधा .४५२ किंवा .४३० इंचांची. वाटी पेचात अडकून गोळीला फिरवते आणि नळीबाहेर पडताच गळून जाते. १:२८ च्या इनलाइनमध्ये २५० ग्रेनच्या आसपासची सॅबो गोळी हा सगळ्यात सुरक्षित पहिला अंदाज आहे.

सॅबो बसतोय का हे हाताला कळतं. छोट्या ठासणीने (गोळी नळीच्या तोंडात ढकलायच्या आखूड दांड्याने) ढकलताना तो नळीच्या तोंडात घट्ट जायला हवा, मग गजाच्या एकसारख्या दाबाने खाली सरकायला हवा. तळहात दुखेस्तोवर जोर लावावा लागत असेल तर सॅबो जाड आहे. रानात थंडीने प्लॅस्टिक कडक झालं की तो आणखी अडेल. आणि नळी उलटी केल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येत असेल तर तो धोकादायक आहे. झाडावरच्या मचाणावर चढताना नळी खाली झुकली की गोळी दारूवरून सरकेल आणि मध्ये पोकळी पडेल. एकाच गोळीसाठी थोड्या वेगळ्या जाडीचे सॅबो मिळतात. बंदुकीला दोष देण्याआधी सॅबो बदलून पाहा.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, आणि हे ठासणीलाही लागू आहे. तिथे पूर्ण तांब्याची गोळी घ्या. मांस घरी लहान मुलं खाणार असतील, तर इतर राज्यांतही तांब्याचा विचार करावा. शिशाची गोळी आदळून फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात.

पहिल्या हंगामाला लागणाऱ्या बाकीच्या वस्तूंना साधारण ६० ते ८० डॉलर लागतात: दारूचं माप, छोटी ठासणी, प्रायमर धरायचा कॅपर, जॅग, सुती चिंध्या, ब्रीच प्लगसाठी वंगण, पान्याचा संच आणि निपलचं भोक साफ करायची बारीक सुई. एक डबा दारू, १०० प्रायमर आणि दोन प्रकारच्या गोळ्यांची एक-एक पाकिटं यांना १०० ते १३० डॉलर. गोळ्यांचे पाच प्रकार एकदम घेऊ नका. दोन घ्या आणि त्यांतली कुठली बंदुकीला आवडते ते पाहा.

बार भरण्याचा क्रम

नळीचं तोंड कायम आकाशाकडे आणि चेहऱ्यापासून दूर. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. आसपास कुणी सिगारेट ओढत नाही ना, ते पाहावं.

१. गज नळीत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करा. रिकाम्या नळीत गज जिथे थांबतो तिथे खूण करा.

२. कोरड्या चिंधीने नळीतलं तेल पुसा. मग दारू-गोळी न घालता एक प्रायमर सुरक्षित दिशेला फोडा, म्हणजे मागच्या भोकातलं तेल जळून जातं. पहिलाच बार फुसका निघण्याचं सगळ्यात मोठं कारण हे राहिलेलं तेल असतं.

३. डब्यातून दारू मापात ओता आणि मापातून नळीत. डबा किंवा शिंगडा थेट नळीला कधीही लावायचा नाही. नळीत एखादी ठिणगी राहिली असेल तर मापातले ८० ग्रेन भडकतील, डब्यातला अख्खा पौंड नाही.

४. नळीला हलकेच थापट्या द्या, म्हणजे दारू तळाशी बसते.

५. गोळी तोंडाशी ठेवून छोट्या ठासणीने आत घाला, मग गजाने एका दमात खाली न्या. गज वर धरून मुठीमुठीने ढकला. लांबवर धरून जोर लावला की लाकडी गज मोडून तळहातात शिरतो.

६. गोळी दारूवर घट्ट टेकली की गज थांबतो. तिथेही खूण करा. ही भरलेल्या बाराची खूण.

७. प्रायमर किंवा टोपी सगळ्यात शेवटी, नेम धरायच्या जागी पोचल्यावर.

त्या दोन खुणांवर सगळं अवलंबून आहे. गज आत सोडला आणि रिकाम्या नळीच्या खुणेवर थांबला, तर नळी मोकळी आहे. भरलेल्या खुणेवर थांबला, तर बार ठीक. त्याहून एक इंच वर थांबला, तर गोळी दारूवर टेकलेली नाही, मध्ये पोकळी आहे. असा बार उडवला की नळी त्या जागी फुगू शकते किंवा फुटू शकते. तीन इंच वर थांबला, तर कदाचित बारावर बार चढला आहे. लोक गप्पा मारत भरतात आणि दारू दोनदा घालतात, किंवा दारू विसरून नुसतीच गोळी ठासतात. प्रत्येक वेळी बार भरल्यावर खूण बघायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

नेम बसवणं

२५ यार्डांपासून सुरू करा. तिथे गोळ्या कागदाच्या मध्याजवळ पडायला लागल्या की ५० वर आणि मग १०० वर जा. ७० किंवा ८० ग्रेनपासून तीन-तीन गोळ्यांचा झुबका, म्हणजे त्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते, पाहा, मग बार दहा-दहाने वाढवा. गोळी, सॅबो, दारू आणि प्रायमर यांतली एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोळ्या १०० यार्डांवर ३ इंचांत पडल्या की शिकारीला पुरे. आणखी अर्धा इंच कमी करण्यासाठी हंगाम वाया घालवू नका.

प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी आणि एक कोरडी चिंधी नळीतून फिरवा. ट्रिपल सेव्हनमध्ये हे टाळूच नका. तिची राख बाराच्या किंचित वर कडं धरते आणि पुढची गोळी त्या कड्यावर अडून वरच थांबते. सौम्य २०९ प्रायमर वापरला तर हे कडं कमी होतं. नळी तापली की पाच मिनिटं थांबा. तापलेल्या नळीत सॅबोचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि गोळी भलतीकडे जाते.

गोल गोळीच्या बंदुकीत उडालेली चिंधी शोधून बघा. ती दहा-पंधरा यार्डांवर पडलेली सापडते. मध्यभागी काळी गोल छाप आणि कडा झिरमिळ्या असतील तर सगळं नीट आहे. मध्ये भोक जळलेलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा वंगण कमी पडतंय. कडेला सरळ रेषेत चिरली असेल तर नळीच्या तोंडाशी पेच धारदार आहेत किंवा चिंधी-गोळीचा मेळ फार घट्ट आहे.

बार उडालाच नाही तर नळी निशाण्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. कधी दारू आत धुमसत असते आणि उशिरा पेटते. मिनिटानंतर नवा प्रायमर लावून पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही, तर प्रायमर काढा. इनलाइन असेल तर ब्रीच प्लग काढून बार मागून बाहेर ढकला. टोपीच्या बंदुकीत निपलमधून थोडी सुकी दारू घालून उडवायचा प्रयत्न करतात किंवा कार्बन डायऑक्साइडच्या साधनाने बार वायूच्या दाबाने बाहेर काढतात. तो बार पडतो तिकडे कुणी नाही ना, ते बघा.

रानात

पाऊस असेल तर नळीच्या तोंडावर पातळ चिकटपट्टी लावा. गोळीच्या पुढची हवाच ती उडवते, नेम हलत नाही. गोठलेल्या रानातून बंदूक गरम घरात आणली की नळीत दव धरतं आणि दारू ओली होते. म्हणून प्रायमर काढून बंदूक थंड पण कुलूपबंद जागीच ठेवा. प्रायमर काढलेली बंदूक तुमच्या राज्यात 'रिकामी' धरतात का, हे नियमावलीत वाचा, कारण गाडीतून नेताना हा प्रश्न येतो.

आडव्या उभ्या हरणावर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाशी नेम धरा. ती हृदय आणि फुप्फुसांची जागा. तिरकं, समोर तोंड करून उभं किंवा पळणारं हरीण सोडून द्या. दुसरा बार भरायला अर्धं मिनिट ते मिनिट लागतं, तोवर ते निघून गेलेलं असतं. बार उडाल्यावर पांढरा धूर समोर पसरतो आणि क्षणभर काही दिसत नाही. हरीण कुठे उभं होतं ते झाड आधीच मनात धरा, एका बाजूला वाकून धुराच्या पलीकडे बघा आणि कान देऊन ते कुठल्या दिशेला गेलं ते ऐका. मग जागेवरच दुसरा बार भरा आणि अर्धा तास थांबा. घाईने मागे लागलं तर जखमी हरीण लांब जातं, आणि जे सापडत नाही ते तळमळत मरतं.

साफसफाई, त्याच दिवशी

काळ्या दारूची, पायरोडेक्सची आणि ट्रिपल सेव्हनची राख हवेतला ओलावा ओढून घेते. बंदूक उडवलेल्या दिवशीच धुतली नाही, तर दमट हवेत दुसऱ्या सकाळी नळीत गंजाची लाली दिसते. बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घ्या. ब्रीच प्लग काढून पाण्यात टाका. नळीत ओल्या चिंध्या फिरवत राहा. पहिल्या काळ्या, मग करड्या, मग पांढऱ्या निघतात. पांढरी आली की कोरड्या चिंध्या, मग पातळ तेलाचा हात. ब्लॅकहॉर्न मात्र साबणपाण्याने निघत नाही, तिला नेहमीच्या रायफलचं सॉल्व्हंट लागतं. ब्रीच प्लगचं बारीक भोक सुईने मोकळं करा आणि आट्यांना वंगण लावून तो परत बसवा. वंगण विसरलं तर दोन हंगामांत प्लग नळीतच चिकटून बसतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तेलाची चिंधी फिरवून बघा. ती तांबूस निघाली, तर आदल्या दिवशी पाणी किंवा राख कुठेतरी राहिली होती. पुन्हा धुवा. आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी निघण्याआधी हे सगळं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा, मगच बार भरा.